बुचाची जबाबदारी सर्वस्वी माझी

ती. मामांच्या चरणी (सध्या डाव्याच, उजव्या गुडघ्याला धक्का नको) भाचेजावयाचा नमस्कार.

ऑपरेशननंतर गुडघा कसा आहे? डॉक्टर सांगतील तेवढंच चाला, आणि हे पत्र उभ्याने वाचू नका. इकडे आम्ही तिघंही खुशाल आहोत, म्हणजे मी, तुमची भाची आणि तुमच्या धाकट्या भगिनी, अर्थात माझ्या सासूबाई. बोटीचं विचाराल तर तीही आहे. तूर्त एवढंच लिहितो.

किल्ली देताना तुम्ही बजावलं होतंत की बोट जावयाने चालवायची आणि सासूबाईंनी नुसतं बसायचं. मागल्या उन्हाळ्यात त्यांनी तुमच्या निळ्या गाद्या ब्लीचने धुऊन पांढऱ्याफटक केल्या, तेव्हापासून "पुन्हा कशाला हात लावलास तर बोटीत पाय ठेवायचा नाही" हे तुमचं वाक्य घरात सगळ्यांना पाठ आहे. तुम्ही शब्दाचे पक्के, हेही पाठ आहे. आणि सासरे गेल्यापासून सासूबाई वर्षभर या एका सफरीखेरीज दुसऱ्या कशाची वाट बघत नाहीत, हे मी तुम्हाला काय सांगावं? म्हणून आधीच स्पष्ट करतो की जे झालं ते माझ्या हातून झालं.

तुम्ही त्याला तळं म्हणता. अहो, मध्यावर गेल्यावर चारही बाजूंना काठ दिसेना, याला तळं म्हणतात होय? पण ऊन छान होतं, पाणी शांत होतं, सासूबाई पुढे टोपी घालून बसल्या होत्या आणि चक्क गुणगुणत होत्या. दुपारचं जेवण झालं. बोटीत चिखलाची पावलं उमटली होती, ती बघून मला राहवेना. (हो, मला. तुमची भाची सांगेल की मी घरी चहाचा कपही विसळत नाही. माणूस बदलतो.) मी साबणाची पूड टाकली आणि "मेलं किती मळवून ठेवलंय हे" असं पुटपुटत कोपरान्‌कोपरा घासून काढला. मग ते पाणी जायला नको का? तुम्ही चालत्या बोटीत मागचं बूच काढून पाणी सोडता हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं (म्हणजे ऐकलं होतं, पाहिलं सासूबाईंनी होतं). काढलं बूच. पाणी सुरेख निघून गेलं. कौतुकाची अपेक्षा होती. मी इंजिन बंद केलं आणि आम्ही चहा घ्यायला बसलो.

चहा अर्धा झाला तेव्हा माझ्या चपला तरंगत माझ्याकडे आल्या.

मामा, पाचावर धारण बसणं म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं. बूच कुठे? सापडेना. (मीच कुठेतरी टाकलं असणार.) रुमाल कोंबला, तो पलीकडून निघून गेला. मग आठवलं, वेगात असताना पाणी बाहेर जातं, थांबलं की आत येतं. इंजिन सुरू केलं, सुसाट सोडलं, आणि खरंच पाणी उतरू लागलं. जीव भांड्यात पडतोय तोवर तुमची भाची म्हणाली, "अहो, पेट्रोलचा काटा बघा." काटा झोपला होता. समोर काठाची बारीक रेघ, मागून वारा उठलेला, लाटांना पांढरे तुरे आलेले, आणि थांबलो की बुडलो. सासूबाईंना पोहता येत नाही. त्यांनी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं, आणि त्या गप्प बसल्यात हे बघून मला जास्तच भीती वाटली.

झाडं ओळखू यायला लागली आणि इंजिन खोकून बंद पडलं.

मग मी मागे पालथा पडलो आणि भोकात अंगठा घातला. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, इथे अख्ख्या बोटीला माझ्या अंगठ्याचा होता. तुमची भाची वल्हं मारत होती, सासूबाई थर्मासच्या झाकणाने पाणी उपसत होत्या. प्रत्येक लाटेला मागून पाणी माझ्या नाकातोंडात. अंगठा आधी दुखला, मग बधिर झाला, मग माझा आहे की नाही तेच कळेना. शेवटी वाऱ्यानेच आम्हाला वाळूवर नेऊन आपटलं. जिवावरचं अंगठ्यावर निभावलं म्हणायचं. तळाला ओरखडे आहेत आणि इंजिनाच्या पंख्याचं एक पातं वाकलं आहे. दोन्हीची दुरुस्ती मी करून घेतो.

तुमच्या विश्वासाला न जागलेला,
भाचेजावई

ता. क. खरं काम सांगायचं राहिलं. परत आल्यापासून सासूबाई नीट जेवत नाहीत. टोपी कपाटात वर, मागे ठेवून दिली आहे. तेव्हा कृपा करून फोन करा आणि त्यांच्या देखत मला रागवा. स्पीकर मी लावतो. गाढव म्हणा, काहीही म्हणा, पण शेवटी "पुढच्या वर्षी मी स्वतः तिला घेऊन जाईन" एवढं म्हणा.

ता. क. दुसरा. दादा, हे मी लिहितेय. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं होतं, मी वाचलं. नको तिथे हात घालायची खोड, दुसरं काय! तळ मी घासला, बूच मी काढलं. या माणसाला फडकं पिळता येत नाही, तो कसला घासतोय! बूच माझ्या चष्म्याच्या डबीत होतं. चष्मा डोळ्यांवर होता, डबी रिकामी, म्हणून त्यात जपून ठेवलं आणि भीतीने साफ विसरले. सोबत पाठवते आहे. तू शब्द दिलास तो पाळ, मला नेऊ नकोस. पण बोट यालाच देत जा. अंगठा काळानिळा पडला होता, मी म्हटलं, सोड रे आता. तर म्हणाला, "आई, तुम्ही पाणी उपसा, मी आहे." हे गेल्यापासून "मी आहे" असं मला कुणी म्हटलं नव्हतं रे. मी काठावर बसेन. बोट कशी चालवायची ते तिथून ओरडून सांगेन. त्याला काही येत नाही.