शैलेशसाठी सही

बनेद अल-गार, कुवेत
१४ मे १९९०

ती. आईंना,
सुचित्राचा नमस्कार.

तुमचं पत्र आणि सहीचा कागद, दोन्ही मिळाले. मी कामावर पुन्हा रुजू झाले. इथे ऊन कडक झालंय. गुडघ्यांना तेल लावत जा.

तुरुंगात शैलेशला भेटून आले. वकील म्हणाले, दारू पिऊन गाडी चालवल्याची शिक्षा भोगावीच लागेल, मग कायमचं भारतात पाठवतील. पण गेलेल्या माणसाच्या आईने आणि बायकोने माफी लिहून दिली, तर शिक्षा कमी होईल. तुम्ही लगेच सही केलीत. एक मुलगा गेला, दुसरा तरी हाती लागावा, हे मला कळतं. माझा हात मात्र उचलत नव्हता.

तुम्ही विचारलंत, शेवटी विश्वास काही बोलला का. तारेत मी 'जागीच गेले' असं कळवलं होतं. आई, तसं नव्हतं.

त्या शुक्रवारी दोघे खैतानला शैलेशच्या मित्रांकडे जेवायला गेले. तिथे कुणीतरी घरी गाळलेली दारू होती. हे पीत नसत, पण ह्यांना गाडी चालवता येत नव्हती. येताना शैलेशने ती खांबावर घातली, आणि तशीच घरी आणली. दुपारी बेल वाजली. मी दार उघडलं.

"वहिनी, दादाला जरा लागलंय. बघ गं."

ह्यांनी पोट धरलं होतं. वाटेत दोन हॉस्पिटलं लागतात, त्यातल्या एकात मीच नर्स.

"तिकडे का नाही गेलात?" मी ओरडले.

"तिथे नंबर लावावा लागतो," हे हसून म्हणाले.

पोटाला हात लावला. दगडासारखं घट्ट. आत रक्त साचत होतं. म्हटलं, आत्ताच्या आत्ता निघायचं.

"आधी शैलेशला आंघोळ करू दे. वास येतोय. पकडतील त्याला."

हेच ह्यांचं शेवटचं बोलणं. मी थांबले नाही, पण लिफ्ट खाली पोचायच्या आत हे माझ्या खांद्यावरच गेले.

तुरुंगात शैलेश एवढंच म्हणाला, "दादाच म्हणाला, घरी चल." खरं असणार.

काल सही केली. ह्यांनी त्याला वाचवायचं ठरवलंच होतं, मी ते कसं मोडू? पण मला माफ करता आलं, असं समजू नका.

तो सुटून येईल तेव्हा कदाचित मीही तुमच्याजवळ असेन. कडी वाजली की दार तुम्ही उघडा.

तुमची,
सुचित्रा