काटा दुसऱ्याने वाचायचा

खापरखेडा, जि. नागपूर
गुरुवार, १२ फेब्रुवारी २०२६

प्रिय रोशन,

सप्रेम जय भीम.

इकडे आम्ही सगळे बरे आहोत. मायचे गुडघे आहेत तसेच आहेत. तुझ्या मायावहिनीच्या शाळेत परीक्षेची कामं निघाली आहेत. तुझ्या हाताचं प्लास्टर निघालं असं मायकडून कळलं. बरं झालं. तू मला सांगितलं नाहीस, तेही बरंच झालं.

पत्र पाहून हसू नको. फोनवर आपलं दोन वाक्यांपलीकडे जात नाही, तिसऱ्याला कोणीतरी फोन ठेवतो. मागच्या वेळी मी ठेवला. शिवाय या खोक्यात एक स्प्रिंग आहे, आणि ती का पाठवली हे वाचल्याशिवाय तू तिला पाना लावू नयेस म्हणून कागद वर ठेवला आहे.

आता मुद्द्याचं. तुझ्या त्या रेसच्या ट्रॅकवाल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये तू जे बोलून टाकलंस ते मी ऐकलं. नागपूरची तीन पोरं त्या ग्रुपात आहेत हे तू विसरलास. त्यातल्या एकाने दुकानात येऊन, माझ्यासमोर, मोठ्या आवाजात लावलं. "दादानं घरच्या घरी शॉकअप बसवून देल्ला न, तेथंच गडबड झाली. पुढच्या टाइमले प्रोफेशनल माणसाकडून करून घेईन." शेजारचे बळीरामकाका पंक्चर काढता काढता थांबले आणि माझ्याकडे पाहू लागले.

प्रोफेशनल. सतरा वर्षं झाली मला या पत्र्याच्या शेडमध्ये. अमरावतीपासून रायपूरपर्यंतची पोरं शॉकअप उघडून घ्यायला इथे येतात. ज्या गाडीवर तू कोइम्बतूरला मिरवतोस, तिचं इंजिन दोनदा मी उघडलं. तुला पहिल्यांदा गाडी वाकवायला मी शिकवलं, कोराडी रोडवर, बाबांच्या शिव्या खाऊन. आणि पडलास तर दादानं गडबड केली. नाचता येईना, अंगण वाकडं.

बरं, तुला सगळंच आठवतं, तर डिसेंबरमधलंही आठवत असेल. चार दिवसांच्या सुट्टीवर आला होतास. नवा शॉकअप माझ्याकडे येऊन पडला होता. मी तुला काय म्हटलं होतं? शनिवारी सकाळी लेदरचा सूट, बूट, हेल्मेट सगळं चढवून दुकानात ये, वजन करू, गाडीवर बस, माप घेऊ. स्वार बसल्यावर गाडीची शेपूट किती दबते, त्यावर पुढचं सगळं ठरतं. तीस मिलिमीटरच्या आसपास दबली पाहिजे. त्याला तीन माणसं लागतात: एक बसणारा, एक समोरून हँडल धरणारा, एक पट्टी लावणारा. बळीरामकाका धरायला तयार होते, माया पट्टी घेऊन उभी होती. बसणारा कुठे होता? बसणारा मौद्याला मित्राच्या साखरपुड्यात नाचत होता.

मी फोन केला तर काय म्हणालास? "तूच बस न गा दादा. आपण दोघं तं एकाच मापाचे आहो."

तेही खरंच होतं. लहानपणापासून मायनं एका थानातून दोघांचे शर्ट शिवले. नऊ वर्षांचं अंतर, पण तू विशीत आलास तेव्हापासून माझी पँट तुला आणि तुझा कोट मला. तुझं वजन त्र्याहत्तर, माझं एकाहत्तर. मी तुझा लेदरचा सूट घातला आणि गाडीवर बसलो.

शेपूट बावीसच दबली.

दोनदा मोजलं, तिसऱ्यांदाही मोजलं. बावीस. मी कंपनीला शिव्या घातल्या. तुझं वजन कळवून स्प्रिंग मागवली होती आणि त्यांनी दांडग्या गोऱ्या माणसाची पाठवली, असं म्हणालो. ती काढली आणि माझ्याकडची दोन नंबरांनी नरम स्प्रिंग चढवली. मग मोजलं तर बरोब्बर तीस. माया म्हणाली, आता झालं न? मी म्हटलं, झालं. तुझ्या नावाचं कार्ड भरलं आणि सोमवारी गाडी रेल्वेत चढवली.

माझ्या मापात चूक नव्हती. हे मी आजही कोणाच्याही तोंडावर सांगेन. एक मिलिमीटरचीही नव्हती.

तू पडलास त्याचे फोटो मी नंतर पाहिले. आधी पाहवले नाहीत. दगडगोट्यांत आडवी गाडी, तू बाजूला हात धरून बसलेला. मी तुझ्याकडे पाहिलं, मग गाडीकडे पाहिलं, आणि सवयीने फोटो मोठा करून शॉकअपचा रॉड पाहिला. त्या रॉडवर मी रबराची एक बारीक रिंग चढवून दिली होती. शॉकअप जिथपर्यंत दबतो तिथपर्यंत ती सरकते आणि तिथेच राहते. ती पार तळाला टेकली होती. म्हणजे वळणातून निघताना तू मूठ पिळून गॅस दिलास, शेपूट बसत गेली, पुढचं चाक हलकं झालं आणि गाडीने वळायचं सोडून दिलं. तुझा हात चुकला नव्हता. मी तुझ्याबद्दल दोन दिवस जे बळीरामकाकांना सांगत होतो, की पोराला गॅस सांभाळता येत नाही, ते खोटं होतं.

पण मग माझं माप खरं आणि ही रिंगही खरी, हे कसं? मला काही समजेना. मला इतका राग आला होता की पान्यांचा डबा लाथेने उडवला. माया शाळेतून आली तर मी पाने गोळा करत होतो.

माझ्या दुकानाचा नियम तुला माहीत आहे. शॉकअपला हात लावायच्या आधी स्वाराने पूर्ण कपड्यांत काट्यावर उभं राहायचं. आणि काटा त्याने स्वतः वाचायचा नाही, दुसऱ्याने वाचायचा आणि कार्डावर सही करायची. कारण आपलं वजन विचारलं की प्रत्येक माणूस खोटं बोलतो, कोणी दोन किलो कमी सांगतो, कोणी जास्त. मोठमोठ्या घरच्या पोरांना मी या काट्यावर चढवलं आहे. तुझं कार्ड काढून पाहिलं. वजन एकाहत्तर, अक्षर माझं. सहीची जागा कोरी. सूट घालून बसलो तो मी, आणि काट्यावर कोणीच चढलं नव्हतं.

मायाने ते कार्ड माझ्या हातातून घेतलं. म्हणाली, "लोकाईले काट्यावर चढवता, अन् तुमी काहून नाई चढले जी?"

मग तिने डिसेंबरची गोष्ट काढली. तुझा सूट घालून मी बसलो तेव्हा ती म्हणाली होती, "काहून इतका ढिला होऊन राह्यला जी तुमाले?" आणि मी म्हटलं होतं, "लेदर आहे, ताणलं जाते."

रोशन, लेदर ताणलं नव्हतं. पट्टा मी दिवाळीपासून दोन भोकं आत घेत होतो. तिसरं भोक खिळ्याने स्वतः पाडलं, दुकानात, कोणी नसताना. रोज दोन घागरी पाणी पीत होतो आणि उन्हाळा लवकर आला म्हणत होतो, डिसेंबरमध्ये. मला माहीत होतं. बाबांचं असंच सुरू झालं होतं. तू तेव्हा अकरावीत होतास, तुला धंतोलीच्या दवाखान्यात आणायचं नाही असं ठरलं होतं. बाबांचा पाय काढला त्या दिवशी कागदावर सही मी केली. त्यानंतर मी साखर तपासली नाही. कधीच नाही. मी घाबरलो होतो, आणि घाबरलेला माणूस दुसऱ्यांवर ओरडतो, तसा मी वर्षभर ओरडत होतो. तुझ्यावर सगळ्यात जास्त.

मंगळवारी माया मला हाताला धरून धंतोलीत घेऊन गेली. उपाशीपोटी तीनशे ऐंशी निघाली. गोळ्या सुरू आहेत, इन्सुलिन पण आहे. पाय तपासले, पाय ठीक आहेत. मायला अजून सांगितलं नाही. तू सांगू नको, मी सांगतो.

आता तुझा राग. तो मी सोडलेला नाही. तू मौद्याला गेलास म्हणून मी अजून रागावलेलो आहे, आणि चारचौघांत बोललास म्हणून तर आहेच. घरातलं माणूस चुकलं तर घरात येऊन शिव्या घालायच्या. पण स्वार तू होतास, माणूस वेगळा मोजला गेला आणि ते मी लपवलं. तुझा हात मोडला तो माझ्यामुळे. मान मोडली असती तर मायसमोर काय सांगणार होतो, लेदर ताणलं जाते म्हणून?

एक मार्चला तू पुन्हा ट्रॅकवर उतरणार आहेस असं कळलं. शॉकअपच्या नॉबचे दोन-चार क्लिक फिरवून चालवून घेईन म्हणतोस. नाही चालणार. या खोक्यात जी आहे ती कंपनीची मूळ स्प्रिंग आहे. त्यांनी बरोबरच पाठवली होती. दोन महिने ती माझ्या फळीवर होती आणि मी रोज तिच्याखाली बसून जेवत होतो. ही बसवून घे. तुझ्या त्या प्रोफेशनल माणसाकडून बसव, मला राग नाही. पण बसवल्यावर तू स्वतः, पूर्ण कपड्यांत, गाडीवर बस. समोरून धरायला कोणी भरवशाचा बघ. आणि माप मला कळव, फोनवर. मी ठेवणार नाही.

तुझं कोरं कार्ड सोबत जोडलं आहे. माझं मी खाली भरून देतो.

तुझा दादा,
नागसेन
वजन: अठ्ठावन्न किलो
काटा वाचला: माया