घरी करून पाठवायची परीक्षा

३ जून
मेघाची म्हणे एका कंपनीत मुलाखतीची आता चौथी फेरी! आधीच्या तिन्ही पास. आता घरी करून पाठवायचं काम — दवाखान्याच्या अपॉइंटमेंटची अख्खी वेबसाइट. पुढचं दिसणारं आणि मागचं चालणारं, सगळं एकटीनं. फुल स्टॅक म्हणजे तेच म्हणे. मी विचारलं, पगार सुरू झाला का? भावाची पोर, नोकरीसाठी लासूरहून माझ्याकडे आलेली. दिवाळीपर्यंत नोकरी नाही तर लग्न — बापानं बजावलंय.

७ जून
काम पाठवलं. चालतंय का बघायला पेशंट म्हणून माझंच नाव घातलं होतं. विशाखाआत्या, गारखेडा. तक्रार — जीभ तिखट. कार्टी!

१५ जून
कंपनीचं उत्तर आलं — ‘ही जागा सध्या थांबवली आहे.’ नकारसुद्धा धड देता येत नाही यांना.

२ जुलै
डोळे दाखवायला गेले. नाव सांगितलं तशी काउंटरवरची मुलगी हसू दाबायला लागली. तुमचं नाव आधीच आहे म्हणाली, पुढचं वाचेना. मीच स्क्रीन वळवली. जीभ तिखट!
अपॉइंटमेंटचं हे सगळं एका कंपनीनं नवीनच बसवून दिलंय म्हणे. कोणती? तीच! पोरीचं काम चक्क विकलं. आमच्या कॉन्व्हेंट शाळेत दुसऱ्या मुलीची वही उतरवली तर सिस्टर दिवसभर बाकावर उभं करायच्या. यांना कोण करणार? सरळ डॉक्टरांच्या खोलीत शिरले. सगळं ऐकून त्यांनी माझ्यासमोर कंपनीला फोन लावला.

३ जुलै
मेघाला कंपनीचा फोन. जागा आता रिकामी झाली म्हणे! सोमवारपासून या. मी म्हटलं, थुंक त्या नोकरीवर.
“आणि पप्पांना कोण सांगणार, आत्या? तू?”
आणि कंपनीला हो म्हणून मोकळी झाली.

४ जुलै
तिच्याशी बोलत नाही.

६ जुलै
मेघा दुपारीच घरी. पहिलंच काम दिलं — नव्या उमेदवारांना घरी करायला काहीतरी पाठव, शाळेच्या फीची वेबसाइट बरी. कोणती शाळा, हिनं विचारलं. आपलं गिऱ्हाईक आहे, म्हणाले. हिनं सगळ्या उमेदवारांना कळवलं — करू नका, हे लोक विकतात.
नोकरी अर्धा दिवस टिकली. तिच्या बापाला फोन मी लावतेय.