गुणवंताच्या वाट्याची बाग

लिहून ठेवते मी, कलाबाई बेवा दादाजी गावंडे, उमर अंदाजे सत्तर, धंदा शेती, राहणार तिगाव, जिल्हा छिंदवाडा. पाय गेले आहेत, डोकं जागेवर आहे. कोणाच्या दबावात हे लिहवून घेत नाही. दबावात येणारी मी नव्हतेच कधी.

मला दोन मुलगे, थोरला गुणवंता आणि धाकटा श्रावण, आणि एक मुलगी शोभा. गुणवंता लहानपणापासून वेगळा आहे. नजरेला नजर देत नाही, एकच गोष्ट दिवसभर बोलतो, बँडबाजा वाजला की कान दाबून ओरडतो. गाव त्याला पागल म्हणते. तो पागल नाही, हे या कागदात ठळक लिहावे.

संत्र्याची बाग, विहीर आणि मोटर गुणवंताच्या नावे करते. श्रावणने हरकत घेऊ नये. त्याचा राग मला माहीत आहे. मागे त्याने मृग बहारासाठी बागेला ताण दिला होता. ताणात पाणी तोडून झाड कोमेजू द्यावे लागते, तेव्हाच पुढे फूल धरते. गुणवंताला सुकलेली पानं पाहवली नाहीत. त्याने मोटर लावून सारी बाग भिजवली. बहार गेला. श्रावणने त्याला बैलाच्या कासऱ्याने मारले आणि म्हणाला, "माय, या घरात तो राहीन, नाहीतर मी." मी म्हटलं, "तुले पाय आहेत बाबू. त्यानं कुठं जावं?"

श्रावण बायकोला घेऊन सौंसरला गेला, तो पोळ्यालाही आला नाही. गुणवंता रोज वाटेकडे पाहून म्हणते, "श्रावण येऊन राहिला." मी ऐकून राहिली. जीव तुटतो.

बाग मुलगी शोभा, राहणार मोहगाव, हिने पाहावी, उत्पन्न घ्यावे आणि भावाला जेवू घालावे. त्याला कोंडू नये. श्रावणच्या लग्नात व्याह्यांनी मला न विचारता गुणवंताला गुरांच्या कोठ्यात कोंडले होते. ते व्याही माझ्या तेरवीला आले तर पाणी द्यावे, पंगतीत बसवू नये.

राहते घर दोघा भावांचे निम्मे निम्मे. मधे भिंत घालू नये. बैलजोडी श्रावणची, चांदीच्या पाटल्या सुनेच्या. सुनेशी माझे वैर नाही, तिच्या तोंडाशी आहे.

मला अग्नी थोरल्यानेच द्यावा. लोक नावं ठेवतील, ठेवू द्या. गुणवंता विस्तवाला भितो, आणि कोणी हात धरलेला त्याला चालत नाही. लहानपणी एका श्रावणचा चालत होता. म्हणून श्रावणने मागे उभे राहून त्याचा हात धरावा. मारल्यावर आता तो धरू देईल का, मला माहीत नाही. ते पाहायला मी नसेन. श्रावण येईपर्यंत मला अंगणातून उचलू नका.

वाचून दाखवले, ऐकले, कबूल आहे.

कलाबाई गावंडे, डाव्या हाताचा अंगठा

साक्षीदार: भैय्याजी ढोके, सही. सुरेश खोडे, सही.
लिहिणार: गजानन बोबडे, सही.

पांढुर्णा, ता. ११ जून १९८७