बँडसॉ आणल्यापासून

८ जानेवारी
बँडसॉ आला, लोखंड कापायची पट्ट्याची करवत. पेणच्या फॅब्रिकेशनवाल्याने मोठं मशीन घेतलं, त्याचं हे जुनं चायना मॉडेल मला मिळालं. टेम्पोतून उतरवताना स्टँडचा एक पाय वाकला. पत्रा इतका पातळ की हाताने सरळ केला. तरी खूश आहे. कुसुमचा उजवा खांदा दिवाळीपासून वर जात नाही. आम्हा लोहारांत घण बायको मारते, नवरा ऐरणीवर तुकडा धरतो. आईने मारला, आजीने मारला. कु. लग्न झाल्यावर शिकली. पुढेपुढे नुसत्या ठोक्यावरून मला कळायचं, बाई आज रागात आहेत. आता बास. तिला म्हटलं, घण सुटला तुझा. ती मशीनभोवती एक चक्कर मारून म्हणाली, "एवढंसं हाय?"

११ जानेवारी
पहिलं ब्लेड गेलं. ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचा तुकडा तसाच घातला, सगळे दात साफ. पाटा आधी लाल करून राखेत पुरायचा, सावकाश थंड होऊ द्यायचा, तेव्हा तो नरम पडतो. हे मला काय माहीत नव्हतं? पण नवं मशीन दिसल्यावर दम निघाला नाही. कु. हसली नाही. म्हणजे आतून पोटभर हसली.

१९ जाने.
कट तिरका येतो. ब्लेड मधेच चाकावरून उतरतं. ब्लेडला दोन्ही बाजूंनी धरणारी बेअरिंगं खुळखुळ वाजत होती, ती काढली, पेणहून चांगली आणून बसवली. काटकोन बघायला गुण्या लावून लावून डोळे गेले. शेवटी सरळ कट मिळाला. कु. पाट्याचं लांब टोक धरून उभी, दुसऱ्या हातात तेलाचा ब्रश. एक तुकडा कापायला बराच वेळ लागतो, तोवर गप्पा. लेकीची सासू, शेजारचा बोअरवेल, वरसे गावात झालेल्या नव्या बिल्डिंगी. घणाच्या आवाजात इतकी वर्षं आम्ही नुसते हातवारे केले. ही इतकं बोलते हे मला आत्ता कळतंय.

४ फेब्रु.
मशीन उभं करून वापरायला टेबल केलं. कंपनीचं टेबल म्हणजे बिस्किटाच्या डब्याचं झाकण, ते फेकलं. जाड प्लेट, खाली दोन आधार. आता आखणीवरून कोयत्याचा बाकसुद्धा कापता येतो. ठोकून आकार द्यायचं कामच उरलं नाही. तयार पट्टी आणायची, आखायची, कापायची, घासायची, तापवून पाणी द्यायचं. रोह्याच्या बाजारातली मासळीवाली नवी सुरी बघून म्हणाली, शहरातली वाटते. दिवसभर मिशीत हसत होतो.

१५ फेब्रु.
पाट्याचं टोक टेकवायला रोलरचा स्टँड केला. कु.ला ताटकळत उभं राहावं लागत होतं. आता तिला फक्त तेल. ती स्टूल घेऊन बसते, पण माझ्याकडे पाठ येते, बोललेलं नीट ऐकू येत नाही. स्टूल हलवायला हवं. उद्या.

२२ फेब्रु.
सलाइनची रिकामी बाटली वर टांगली, तिची नळी थेट ब्लेडवर. नळीवरचं चाक फिरवलं की तेलाचा थेंब थेंब पडतो. एकदम झकास. मोठ्या तोऱ्यात कु.ला बोलावून दाखवलं. "आता तू मोकळी गो."
"मग मी काय करू?"
म्हटलं, आराम कर, खांदा सांभाळ. तिने ब्रश रॉकेलमध्ये धुतला, फडक्याने पुसला, खिळ्याला अडकवला आणि आत गेली. मी थेंबांकडेच बघत बसलो होतो. गाढव.

३ मार्च
कु. पेणला, तिच्या बहिणीकडे. आक्का गणपतीच्या कारखान्यात आहे, तिथे मूर्ती घासायला बायका हव्यात. काल जेवताना कु.ने विचारलं, जाऊ काय? मी ताटातून मान वर न करता जा म्हटलं. वाटलं, हवापालट होईल. सीझनभर तिकडेच राहणार आहे हे सकाळी पिशवी भरताना बोलली. स्टेशनवर सोडलं. गाडी वेळेवर.

१६ मार्च
कप्पी आणि वजन लावलं. वजनाच्या ओढीने पट्टी आपोआप ब्लेडवर सरकते. हातसुद्धा लावायला नको. हाताची घडी घालून उभा राहिलो. दाखवायला कुणी नाही. फोनवर सांगितलं तर "बरं झालं" म्हणाली. मागे बायकांचा हसण्याचा आवाज. ठेवते म्हणाली.

२९ मार्च
ब्लेडसाठी पेणला गेलो होतो. कारखान्यावरून वाट वाकडी केली. दारातूनच दिसली. केसांना फडकं, हात कोपरापर्यंत पांढरे, मांडीवर गणपती घेऊन पॉलिशपेपरने सोंड घासत होती. शेजारणीशी बोलणं अखंड चालू. हात वर करून फळीवरची मूर्ती काढली. खांदा बरा झाला. मला हेच हवं होतं ना? मग दारातच पाय का अडकले? हाक न मारता निघालो. परतीच्या गाडीत निडी स्टेशनला जाग आली, तेव्हा ब्लेड दुकानातच राहिल्याचं लक्षात आलं.

१३ एप्रिल, रविवार
कु. आली होती. मासे केले. दुपारी शेडमध्ये आली, वजन, कप्पी, रोलर सगळं बघितलं, हात लावून बघितलं. चांगलं जमलंय म्हणाली, आणि ते मनापासून होतं. मी म्हटलं, सीझन संपायची कशाला वाट बघतेस, उद्यापासून इथेच थांब. तिने विचारलं,
"काम हाय का माझं?"
मी शेडभर नजर फिरवली. खरंच बघितलं. घासायला ग्राइंडर, धरायला रोलर, तेलाला बाटली, ढकलायला वजन. एकही जागा मी शिल्लक ठेवली नव्हती. हाय म्हटलं असतं तर खोटं, नाय म्हणवत नव्हतं. एवढा मोठा माणूस मी, आणि ग्राइंडरची वायर गुंडाळत बसलो.
ती म्हणाली, "खांदा दुखत व्हता हे खरं हाय. पण मला घण नको व्हता, तुम्ही नको व्हता असं नाय." संध्याकाळच्या गाडीने गेली.

१४ एप्रिल
सकाळी कप्पी काढून ठेवली. रोलर बाजूला केला. म्हटलं, थोडं बिघडवून ठेवू, मग म्हणता येईल, ये, माणूस कमी पडतंय. तासाभराने माझी मलाच लाज वाटली. ती लोहाराच्या घरात नांदलेली बाई, मशीन बिघडलंय की बिघडवलंय हे तिला दारातून कळेल. सगळं परत बसवलं. नारळवाल्याचे कोयते कापले. कट सरळ, कडा साफ. इतकं नीट काम आयुष्यात झालं नव्हतं, आणि दिवसभर मन लागलं नाही.

१५ एप्रिल
फोन लावला. आक्काने उचलला. कु. अंघोळीला. निरोप देऊ काय, म्हणाली. मी नको म्हटलं. एकदा तिला न विचारता सगळं केलं, आता निदान बोलायचं तरी तिसऱ्याच्या तोंडून नको.
शेड बंद केली. कोयते अर्धे राहिलेत, राहू देत. दुपारच्या गाडीने पेणला निघालोय. ती पुन्हा तेच विचारेल, काम हाय का. या वेळी खरं सांगायचं, काम नाय, तू हवीस. आणि ती काही बोलेपर्यंत तिथून हलायचं नाही.