बटनं नसलेला ओव्हन

वालूर,
गुरुवार

प्रिय वच्छला,

रोज फोन होतो आणि वर हे पत्र कशाला, असं तुला वाटेल. पोस्टातल्या बाईलाही तसंच वाटलं. पाकीट मागितलं तर म्हणाली, काका, नोटीस पाठवायची का कुणाला? आता तिला काय सांगायचं? फोनवर मागं बाळ रडत असतं, अपेक्षा फोन स्पीकरवर टाकून कुकर लावते, जावईबापू मधूनच रामराम घालतात. अशा भरल्या बाजारात माणूस ‘जेवलो’ आणि ‘बरं आहे’ याच्या पुढं जात नाही. म्हणून कागद घेतला. तू एकटी असशील तेव्हा वाच.

तू लेकीच्या बाळंतपणाला गेलीस तेव्हा ज्वारी पोटऱ्यात होती. आता ज्वारी काढून झाली, कडबा गंजीला लागला आणि तिकडं नात पालथी पडायला लागली. अपेक्षा म्हणते, आईला आता पुण्यातच राहू द्या, एवढ्याशा लेकराला पाळणाघरात ठेवायला जीव धजत नाही. तिचं चूक नाही. मळ्यातल्या म्हसोबाला पुढच्या रविवारी रोडग्यांचा नैवेद्य करायचा ठरलाय. तू त्याला येणार का, आणि आलीस तर राहणार का, एवढंच कळायचं राहिलंय. विचारलं की तू म्हणतेस, बघू. मीही म्हणतो, बघू. असं दोघं बघत बसलोत.

तर आधी तुम्ही पुण्याहून पाठवलेल्या ओव्हनचं सांगतो. ओव्हन पोहोचला, छान आहे, असं मी म्हणालो होतो. त्यातलं पोहोचला एवढं खरं. जावईबापू परभणीला लग्नाला आले तेव्हा गाडीत घालून घेऊन आले. खोकं आधीच कुणीतरी फोडून परत खाकी टेप लावलेली होती. मला वाटलं, दुकानात दाखवायला ठेवलेला माल पोरांच्या गळ्यात मारला. जावयाला तसं कसं बोलायचं, म्हणून खोकं उतरवून घेतलं. ते म्हणाले, मामा, काही करायचं नसतं, आत ठेवायचं आणि बटन दाबायचं. आणि चहा घेऊन गेले.

वच्छला, त्याला बटनच नाही! समोर सगळी काळी काच. आमच्या मोटार दुरुस्तीच्या दुकानात त्या काचेचा आरसा करून लावला असता. नव्या वस्तूवरचं प्लास्टिक आणि कागद पहिल्याच दिवशी काढायचे ही माझी सवय तुला माहीत आहे. काचेवर एका बाजूला बारीक गोल स्टिकर चिकटले होते, तेही नखानं खरवडून काढले आणि काच लख्ख पुसली. मग दाबायला गेलो तर बोटाला काहीच लागेना. दिवा लागला की खुणा दिसतात. दिवा लागायला बोट बरोबर जागी ठेवावं लागतं. ती जागा दिवा लागल्याशिवाय दिसत नाही. ज्यानं कुणी ही युक्ती काढली त्याला मी एकदा आपल्या विहिरीवर रात्रपाळीला पाठवणार आहे. सेलूला मी इतकी वर्षं विहिरीवरच्या जळक्या मोटारी नव्या तारेनं गुंडाळल्या, स्टार्टर बसवून दिले. हिरवं बटन चालू, लाल बटन बंद. हात चिखलात बरबटलेला असो, अंधार असो, बोट आपोआप जातं. यात आणखी सुधारणा कशाला पाहिजे होती?

काचेवर पालथा हात फिरवत फिरवत एकदाचा दिवा लागला. मग चित्रं उगवली. एक पंख्यासारखं, एक नागमोडी रेघांचं, एक बर्फाच्या फुलासारखं. भाकरीचं चित्र नाही, वांग्याचं नाही. शेजारच्या मुंजाजीला बोलावलं. तो म्हणाला, हे पंख्याचं दाब, उन्हाळा आहे. त्याची अक्कल तुला माहीतच आहे. पण खामखा त्याला तरी का बोलू, मीही तेच दाबणार होतो.

दाबलं तर तो वेळ विचारायला लागला. घड्याळ लावल्याशिवाय तापायचंच नाही अशी त्याची अट आहे. लावलं. जरा तापला तर लाईट गेली. आली तेव्हा घड्याळ पुन्हा शून्यावर. परत लावलं. आपल्याकडं लाईट दिवसातून कितीदा जाते ते त्या काचवाल्याला कुणी सांगितलेलं नाही. चुलीनं कधी वेळ विचारली नाही. पुढं एक दिवस तो कशालाच दाद देईना, नुसता टीं टीं करायला लागला. अपेक्षाला विचारलं तर म्हणाली, बाबा, लहान मुलांनी हात लावू नये म्हणून कुलूप असतं, ते लागलंय. घरात मूल नाही, बाळ नाही, मी आणि दारातलं मांजर. बेजार झालो.

वांगं भाजायचं म्हणून वरची नळी तापवणारं चित्र शोधून काढलं. त्याला ग्रिल म्हणतात. आतला दिवा मिणमिणता, काच काळी, वांगं भाजलं का जळालं ते बघायला दार उघडावं लागतं. दार उघडतं खाली, थेट गुडघ्यावर. जाळी ओढली की पुढं झुकते आणि वांगं आपल्या अंगावर यायला बघतं. शेवटी ते आत फुटलंच. तू वांग्याला सुरीनं टोचे मारतेस ते मी जन्मभर बघितलं, पण कशाला मारतेस ते कधी विचारलं नव्हतं. आता कळलं. तिन्ही भिंतींना, वर, कोपऱ्यात, सगळीकडं वांगं. वरच्या तापणाऱ्या नळीच्या मागं जो गर गेलाय तिथं माणसाचं बोट पोचत नाही. तो रोज नव्यानं जळतो आणि घरभर वास सुटतो. मुंजाजी येता-जाता विचारतो, आज काय भरीत का? त्याला तोंड देता देता नाकी नऊ आले.

एक मात्र खरं सांगतो. बंद केल्यावरही त्याचा आतला पंखा बराच वेळ घरघरत राहतो. लोकांना हा दोष वाटेल. मला ते बरं वाटतं. घरात कुणीतरी काहीतरी करायलंय असं वाटतं, तोवर मी जेवून घेतो.

मागच्या आठवड्यात रोडगे करून बघितले. म्हसोबाचे नव्हे, नुसती रंगीत तालीम. मनात म्हटलं, तुझं यायचं जमलं नाही तर नैवेद्य तरी चुकायला नको. आपल्याकडं कणीक तुझी आणि गोवऱ्यांचा आर माझा, अशीच वाटणी आहे. मळ्यात लिंबाखाली तू परात घेऊन बसायचीस, मी निखाऱ्यांचा आर पसरायचो, आणि तू कणकेचे गोळे हातात देताना दरवेळी म्हणायचीस, घाई करू नका, आतपर्यंत शिजू द्या. यंदा दोन्ही कामं माझी. गहू भरड दळून आणला, कणीक भिजवली, गोळे केले आणि त्या पेटीत ठेवले. वरून पांढरे फटक, आत दगड. मांजरानं हुंगून तोंड फिरवलं. राख नाही, धूर नाही, फुंकर मारायला जागा नाही. आर कमी झाला की जास्त, ते हाताला कळत नाही. नुसते आकडे दिसतात. देवाला असला नैवेद्य दाखवायची माझी हिंमत होत नाही.

शेजारच्या धुरपताबाई सकाळी झाडलोट करून जातात. परवा त्यांना पिठाच्या डब्यामागं एक हिरवी टिकली सापडली. त्या मला लय बोलल्या. म्हणाल्या, सवाष्णीची टिकली अशी पायाखाली येऊ देत न्हाईत भाऊ, वहिनी गेल्या म्हणून काय घराकडं बघायचंच न्हाई का? आणि त्यांनी ती नेऊन तुझ्या आरशाला लावली, तुझ्या बाकीच्या टिकल्यांच्या रांगेत. मी दाढी करायला बसलो तर ती एकटी हिरवी डोळ्यात भरली. तू तर मरून रंगाची लावतेस. हिरवी तुझ्या कपाळाला मी कधी बघितली नाही. साबण गालावर तसाच ठेवून उठलो, ओव्हनपाशी गेलो आणि बॅटरीचा उजेड काचेवर तिरपा पाडला. गोंदाचे डाग दिसले. एकाखाली एक, स्टार्टरवर असतात तसे. वरच्या डागावर बोट ठेवलं आणि दिवा लागला.

मी ज्यांना कारखान्याचे स्टिकर समजलो ते तू लावले होतेस. खोकं दुकानात नाही, तुझ्या हातानं फुटलं होतं. जावयाला हे सुचायचं नाही, आणि अपेक्षा दुकानात कधी फिरकली नाही. तूच दुपारचा डबा घेऊन यायचीस आणि मी गिऱ्हाइकाला हिरवं-लाल समजावून सांगेपर्यंत बाकावर बसून राहायचीस. तेव्हा वाटायचं, हिचं लक्ष नाही. आता हिरवी मी जागेवर परत चिकटवली आहे. लाल कुठं गेली ती सापडली नाही, म्हणून चालू करता येतो आणि बंद करायला प्लग उपटतो.

आणि वच्छला, त्या दिवसापासून मला चैन नाही. एकदा वाटतं, जिला परत यायचंय ती बाई नवऱ्याला एकट्याला जमावं म्हणून खुणा कशाला करून पाठवील? दुसऱ्या घटकेला वाटतं, जिला यायचं नाही ती तरी माझं बोट चुकू नये म्हणून कशाला एवढी खटपट करील? हेच विचारायला एवढा कागद काळा केला, बाकी सगळा ओव्हनचा बहाणा. तुझं उत्तर काहीही असलं तरी माझी तक्रार नाही, असं शेवटी लिहायचं मी ठरवून बसलो होतो. पण ते खोटं झालं असतं. घर खायला उठतं. मला तुझ्याशिवाय करमत नाही, आणि हे स्पीकरवर सांगता येत नव्हतं. नातीसाठी परत जायचं असलं तर आपण दोघं जाऊ, तिथं लिफ्टची बटनं दाबत बसेन मी. पण आधी रोडग्याला ये. गोवऱ्या मळ्यात नेऊन ठेवल्यात. कणीक मी भिजवणार नाही. येताना लाल टिकली आण.

तुझाच,
रामकिशन