चर्चच्या बेसमेंटातले ढोल

बाबा, त्या संध्याकाळी तुम्ही खूश होतात की आतून मोडला होतात, हे मला अजून उमगलेलं नाही. आई जाऊन जेमतेम सहा महिने झाले होते. वसईचं घर बंद करून तुम्हाला टोरांटोला आणलं होतं. इथेच राहा म्हणून मी रोज मागे लागायची आणि तुम्ही खिडकीतून बर्फ बघत नुसतं "बघू" म्हणायचात. शहराबाहेर वॉनला, मी कामाला होते त्या गोडाऊनमध्ये माझ्या शेजारी पॅकिंग करणारी ब्राझीलची बाई एकदा म्हणाली, "शनिवारी तुझ्या डॅडना आमच्या चर्चच्या बेसमेंटात घेऊन ये." उपवासकाळ सुरू होतो तो राखेचा बुधवार तोंडावर आलेला, माणसं कॅथलिक, जागा चर्चची, मला वाटलं, आपल्याकडे घरोघरी म्हणतात तशी लदीनची प्रार्थना असणार. तुम्हाला काळा कोट घातला, खिशात रोझरीची माळ दिली, लेकीलाही बरोबर घेतलं.

आणि आत काय, तर भडक कागदी पिसं, भिंतभर रंगवलेली डोंगरावरची घरं, आणि ढोलांचा नुसता दणदणाट! "उपवासाआधीचं हे कार्निव्हल आमच्याकडे रस्त्यावर चालतं," ती बाई ओरडून सांगतेय, "इथे रस्त्यावर नाचलो तर गोठून मरू!" दुखवट्याच्या वर्षात आपल्या घरी रेडिओसुद्धा लागत नाही. मी तुमची बाही ओढते, "चला बाबा, चुकलंच माझं." तुम्ही हलत नाही. तिच्या नवऱ्याच्या हातात एक छोटा ढोल आहे, आतली काडी ओल्या फडक्याने घासली की किंचाळणारा. तुम्ही वाकून आत बघता. "मेल्या, ढोल आहे का डुकराचं पिल्लू?" त्याला एक अक्षर कळत नाही, तरी तो खदखदून हसतो आणि दुसरा ढोल तुमच्या मांडीवर ठेवतो. मग तुमची बोटं सुटली, लग्नघरात मातीचं घुमट वाजवताना सुटायची तशी. माझी लेक टाळ्या पिटतेय, "आजोबा, यू आर सो गुड!" आईच्या मागे मी तुम्हाला पहिल्यांदाच हसताना पाहिलं. म्हटलं, रुळले गं बाई एकदाचे.

सकाळी चहा ओतत होते, तर तुम्ही म्हणालात, "पोरी, माझं तिकीट काढ."

"अहो, काल तर किती छान वाजवलंत!"

"म्हणूनच."

त्या एका शब्दाशी मी इतकी वर्षं झटापट करतेय. दुखवटा मोडला म्हणून आईच्या कबरीपाशी जायचं होतं? की हात अजून चालतात हे कळलं आणि आपली माणसं, आपलं घुमट आठवलं? की त्या परक्या माणसांत जे मिळालं, ते माझ्या घरात मिळत नव्हतं? आज एक पटतं, उद्या दुसरं, आणि भाजी चिरताना तिसरंच काहीतरी. तुम्ही वसईला गेलात, आणि वर्षभरात कायमचेच गेलात. मधल्या काळात फोनवर मी तुमचे गुडघे विचारले, औषधं विचारली, शेजारणीची कोंबडीसुद्धा विचारली, तेवढं सोडून. आता हे लिहून तरी कुठल्या पत्त्यावर टाकू? वेळ नव्हता असं नाही, बाबा. तुम्ही खरं सांगाल, याचीच भीती होती.